काळी सायकल

मामांनी तांबड्या पेन्सिलीनं ‘काळी’ या शब्दाभोवती गोल केला होता. मी टाइप करून दिलेल्या पानावर वाक्य होतं, ‘काळी सायकल काढून मी निघायचो, ते द्वारकेवरून थेट नाशिकरोड.’ (द्वारका हा आमच्या नाशिकमधला चौक.) समासात त्यांच्या थरथरत्या अक्षरात लिहिलेलं, ‘हिरवी होती.’

मी म्हटलं, “मामा, तुम्हीच काळी म्हणाला असाल.”

“अगं, मी कशाला काळी म्हणेन? पहिल्या पगारातून घेतलेली सायकल. रंग विसरेन का मी?”

मोबाइलवर मी त्यांचं बोलणं रेकॉर्डही करते. तिथंच बसून ऐकलं. मामा म्हणाले होते, “सकाळी सायकल काढून मी निघायचो.” ‘स’ गळला होता. उरलेला ‘काळी’ हा धडधाकट शब्द, पुढं सायकल, त्यामुळे वाक्याला कुठंच ठेच लागत नव्हती. घरी दोनदा वाचूनही मला ते दिसलं नव्हतं. मामांचं सगळं आयुष्य नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेले ताव तपासण्यात गेलं. आज ते शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि भिंग घेऊन वाचतात, पण नजर तीच आहे.

त्या दिवसापासून पुढचे दहा-बारा दिवस मी या एका कीबोर्डमागे लागले होते. काय झालं, काय केलं ते सगळं लिहून ठेवते आहे, कारण शोधताना मला मराठीत धड काही सापडलं नाही.

आधी कीबोर्डबद्दल. गेलं दीड वर्ष मंगळवारी आणि शुक्रवारी मी इंदिरानगरहून सिटीलिंकच्या बसनं निमाणीला उतरते आणि मामांच्या वाड्यावर जाते. ते आपल्या आठवणी सांगतात, मी टाइप करते. सुरुवातीला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे, पण तो उघडला की आमच्या दोघांमध्ये स्क्रीन उभी राहायची आणि मामा अडखळायचे. “तुझं तोंड दिसत नाही गं,” म्हणायचे. म्हणून एम. जी. रोडवरून घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड आणला. तीन घड्या होतात, पर्समध्ये मावतो. आता लॅपटॉप बाजूच्या ट्रंकेवर असतो, कीबोर्ड माझ्या मांडीवर आणि माझे डोळे मामांकडे. हात आपोआप चालतात; रेमिंग्टनवर शिकले, पुढं इनस्क्रिप्टवर आले (कुठल्या बटणावर कुठलं मराठी अक्षर, याच्या या दोन मांडण्या), तीस वर्षं टायपिंगच केलं आहे. स्क्रीनकडे मी बघतच नाही. म्हणून गळलेलं अक्षर मला त्या क्षणी कळत नाही.

घरी येऊन सगळी पानं पुन्हा काढली. नीट बघितल्यावर आणखी खुणा दिसायला लागल्या. काही शब्दांच्या आधी ठिपक्यांचं एक छोटंसं वर्तुळ होतं: ‘◌ोदावरी’, ‘◌ुतोंड्या मारुती’. मला आधी वाटलं फॉन्टचा दोष. तो तसा नसतो. इनस्क्रिप्टमध्ये ‘गो’ लिहायला दोन ठोके लागतात: इंग्रजी ‘आय’च्या बटणावर ‘ग’, मग ‘ए’च्या बटणावर ओकाराची मात्रा. पहिला ठोका पोचलाच नाही तर मात्रेला बसायला अक्षर राहत नाही, म्हणून कॉम्प्युटर तिथं ठिपक्यांचं वर्तुळ काढून दाखवतो. वर्तुळ दिसलं की चूक निदान सापडते. खरी भीती त्या शब्दांची, जिथं पहिलं अक्षर गेल्यावरही मागं अर्थाचा शब्द उरतो. सकाळीचं काळी. पुराच्या प्रकरणात ‘पसरलं ते किती लांब’ याचं झालं होतं ‘सरलं ते किती लांब’. पाण्याबद्दलच बोलणं चाललेलं, ‘सरलं’ कोणाला खटकणार? साठ-पासष्ट पानं झाली होती. दुसऱ्याच्या आयुष्यातले शब्द माझ्या हातून असे बदलत होते, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

रेकॉर्डिंग लावून पानं ताडून पाहिली तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. वाक्याच्या मध्ये एकही अक्षर गळलेलं नव्हतं. जे गेलं ते थांब्यानंतरचं पहिलं. मामा बोलता बोलता थांबतात, छताकडे बघतात, आठवतात आणि मग पुढं बोलायला लागतात. नेमकं तिथलं. आणि हा प्रकार जुलैअखेरपासूनचा होता. त्याआधीची पानं स्वच्छ होती.

इथं मी जी चूक केली ती इतरांनी करू नये. ड्रायव्हर म्हणजे उपकरण आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा प्रोग्रॅम; तो जुना झाला असेल असं वाटून मी इंटरनेटवर ‘वायरलेस कीबोर्ड ड्रायव्हर अपडेट’ असं शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या दुव्यावर गेले. ती जाहिरात होती. तिथून एक प्रोग्रॅम उतरवला. त्यानं माझा लॅपटॉप ‘तपासला’ आणि लाल अक्षरांत मोठी यादी दाखवली: इतके ड्रायव्हर जुने, इतके धोकादायक. ‘सगळे दुरुस्त करा’ दाबलं तर वर्षाचे पैसे मागायला लागला. कार्ड हातात घेतलं होतं. यादीत कीबोर्डच्या ड्रायव्हरची तारीख होती 21 जून 2006. माझा लॅपटॉप तीन वर्षांपूर्वीचा, कीबोर्ड दीड वर्षाचा, त्यांना 2006 चा ड्रायव्हर कसा? तारखेचा घोळ खटकला आणि मी थांबले.

त्या तारखेचं कारण नंतर कळलं. विंडोजबरोबर येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर ती तारीख मुद्दाम टाकलेली असते. एकाच उपकरणाला चालणारे दोन ड्रायव्हर सापडले तर विंडोज साधारणपणे अलीकडच्या तारखेचा निवडतं. मायक्रोसॉफ्टनं आपल्या ड्रायव्हरवर ताजी तारीख टाकली असती, तर प्रत्येक नव्या विंडोजबरोबर उपकरण बनवणाऱ्या कंपनीचा खास ड्रायव्हर मागं पडला असता. म्हणून आपला ड्रायव्हर ते जुन्या तारखेचा ठेवतात. आतलं काम मात्र वेळोवेळी ताजं होत असतं. तुमच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये (विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत) 21-06-2006 दिसलं तर घाबरू नका. आणि त्या तारखेवर बोट ठेवून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी असे पैसे भरले, नंतर त्यांच्या कार्डावरून आणखी रक्कम गेली. असं झालंच तर 1930 हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर आहे, लगेच फोन करायचा. मी तो प्रोग्रॅम काढून टाकला, लॅपटॉपचं अँटिव्हायरस पूर्ण चालवलं आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं सुरुवात केली.

कीबोर्डचा ड्रायव्हर म्हणजे नक्की काय, ते आधी समजून घेतलं, आणि तिथंच अर्धा गुंता सुटला. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड ‘ग’ पाठवत नाही. तो फक्त बटणाचा ठरलेला क्रमांक पाठवतो. त्याला मराठी, इंग्रजी, कन्नड काही कळत नाही. त्या क्रमांकाचा ‘ग’ करायचा की ‘आय’, हे विंडोजमधला इनस्क्रिप्टचा लेआउट ठरवतो. हे क्रमांक कसे पाठवायचे याचं एक सामाईक मानक आहे, त्यामुळे कुठलाही साधा ब्लूटूथ कीबोर्ड विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो. माझ्या घडीच्या कीबोर्डला वेगळा ड्रायव्हर नव्हताच. त्याच्या पेटीवरच्या कंपनीच्या साइटवर फक्त एक पानी माहितीपत्रक होतं. जो मिळणारच नव्हता तो मी शोधत बसले होते.

मग अक्षर गळतं कुठं? बटण आणि स्क्रीन यांच्यामध्ये आणखी एक जण उभा असतो: लॅपटॉपच्या आतला ब्लूटूथचा रेडिओ. त्याचा ड्रायव्हर मात्र खराखुरा वेगळा असतो, कंपनीचा असतो, आणि तोच अपडेटमध्ये बदलतो.

तरी अंदाजावर विसंबायचं नव्हतं. कीबोर्डमध्ये दोष की लॅपटॉपमध्ये, हे ठरवायला मी एक साधी चाचणी केली. घड्याळ समोर ठेवलं. एक वाक्य टाइप करायचं, दहा सेकंद थांबायचं, ‘गोदावरी’ लिहायचं. मग अर्धा मिनिट थांबून तेच. मग एक मिनिट, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आधी लॅपटॉपवर केलं: अर्ध्या मिनिटाच्या थांब्यानंतरच ‘ग’ गळायला लागला. मग तोच कीबोर्ड मोबाइलला जोडून तेच केलं. पाच मिनिटांपर्यंत एकही अक्षर गेलं नाही, दहा मिनिटांनी मात्र गेलं. म्हणजे अर्ध्या मिनिटाचा आजार लॅपटॉपचा होता आणि दहा मिनिटांचा कीबोर्डचा. दोन वेगळे आजार एकमेकांत मिसळले होते. दुकानात नेला असता तर नवीन कीबोर्ड घ्या म्हणाले असते, आणि नव्या कीबोर्डचंही पहिलं अक्षर गेलं असतं.

आता प्रत्यक्ष काम. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक केलं की डिव्हाइस मॅनेजर येतं. त्यात ‘कीबोर्ड्स’ नाही, ‘ब्लूटूथ’ उघडायचं. तिथं बरीच नावं असतात. ज्यात रेडिओ किंवा अ‍ॅडाप्टर बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे ते आपलं. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ड्रायव्हर’ हा टॅब आहे. त्यावरची तारीख आणि व्हर्जन नंबर यांचा मी मोबाइलवर फोटो काढून ठेवला. माझ्याकडची तारीख जुलैमधल्या अपडेटशी जुळत होती. ही सवय सगळ्यांनी लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. आधी काय होतं हे माहीत नसेल तर नंतर काय बदललं हे कधीच कळत नाही.

त्याच टॅबवर ‘अपडेट ड्रायव्हर’ आहे. ते दाबून आपोआप शोधायला सांगितलं, तर उत्तर आलं की सगळ्यात चांगला ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे. मी तिथंच थांबणार होते. पण त्या उत्तराचा अर्थ इतकाच की विंडोजला स्वतःजवळ याहून चांगला सापडला नाही. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीकडे नवा असू शकतो. लॅपटॉप उलटा करून तळाचा सिरियल नंबर वाचला, पत्ता स्वतः टाइप करून कंपनीच्या साइटवर गेले (शोधून आलेल्या दुव्यावरून नाही), सपोर्टच्या पानावर नंबर टाकला. ब्लूटूथचा नवा ड्रायव्हर तिथं होता. ज्यांना हे अवघड वाटतं त्यांनी आधी विंडोज अपडेटमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘ऑप्शनल अपडेट्स’ उघडून पाहावं. तिथं ‘ड्रायव्हर अपडेट्स’ अशी वेगळी यादी असते. ती आपोआप बसत नाही, आपल्याला खूण करून घ्यावी लागते.

बसवताना चार्जर लावून ठेवला आणि नंतर लॅपटॉप पूर्ण रीस्टार्ट केला. नवा ड्रायव्हर त्रास देतोय असं वाटलं तर त्याच टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ आहे, जुना परत येतो. ते बटण फिकट दिसलं तर समजायचं की परत जायला मागचा ड्रायव्हर साठवलेला नाही.

पुढची पायरी बरेच जण गाळतात. ब्लूटूथच्या यादीतून कीबोर्ड काढून टाकायचा आणि नव्यानं जोडायचा. मी तसं केलं. स्क्रीनवर सहा आकडी नंबर आला, तो कीबोर्डवरूनच टाइप करून एंटर दाबला. तो आकडा आपल्या हातच्या कीबोर्डवरून यावा, यालाही अर्थ आहे. हवेतून बोलणाऱ्या कीबोर्डची नक्कल करता येते, हे लोकांनी करून दाखवलं आहे. 2016 साली बॅस्टिल या संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की छोटा यूएसबी रिसीव्हर लावून चालणाऱ्या अनेक वायरलेस माउस-कीबोर्डच्या रिसीव्हरमध्ये बाहेरून ठोके घुसवता येतात. डिसेंबर 2023 मध्ये ब्लूटूथबाबतही तसंच उघड झालं: ठरावीक परिस्थितीत अँड्रॉइड, लिनक्स आणि अ‍ॅपलच्या उपकरणांना खोटा कीबोर्ड मालकाला न विचारता जोडता येत होता. त्याची दुरुस्ती अपडेटमधूनच आली. मी घरी लोकांची प्रतिज्ञापत्रं, मृत्युपत्रं टाइप करते. ‘चालतंय ना, कशाला अपडेट?’ असं मी आता म्हणत नाही. घरच्या टेबलावरच्या कीबोर्डच्या रिसीव्हरचं फर्मवेअरही त्याच आठवड्यात ताजं केलं. ड्रायव्हर लॅपटॉपमध्ये असतो, फर्मवेअर म्हणजे त्या वस्तूच्याच पोटातला प्रोग्रॅम. ते बदलताना मध्येच उपकरण उपसायचं नाही.

एवढं करून चाचणी पुन्हा घेतली. अर्ध्या मिनिटाचं गळणं बरंच कमी झालं, पण गेलं नाही. पाच वेळांत एकदा तरी ‘ग’ जायचाच. शेवटचं कारण त्याच अ‍ॅडाप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये होतं, ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबवर. वीज वाचवण्यासाठी कॉम्प्युटरनं हे उपकरण बंद करायला परवानगी आहे, अशा अर्थाची एक खूण तिथं असते. थोडा वेळ काही आलं नाही की लॅपटॉप आपल्या रेडिओला डुलकी घेऊ देत होता. त्याला जागं करण्यात पहिला ठोका खर्च व्हायचा. जुलैच्या अपडेटनंतर ही खूण चालू झालेली असणार. ती काढली. काही नव्या लॅपटॉपांवर हा टॅब दिसतच नाही, तिथं नव्या ड्रायव्हरवरच भिस्त ठेवावी लागते. माझ्याकडे होता. त्यानंतर दहा सेकंद, अर्धा मिनिट, एक, पाच अशी चाचणी मी तीन संध्याकाळी केली. गोदावरी प्रत्येक वेळी पूर्ण आली. बॅटरी थोडी जास्त लागते, पण वाड्यात प्लग आहे.

दहा मिनिटांचं गळणं तसंच आहे आणि ते राहणार. कीबोर्ड स्वतःची बॅटरी वाचवायला झोपतो आणि त्याला जागं करणारं बटण वाया जातं. त्यावर ड्रायव्हरचा इलाज नाही. त्यावर मी हाताला वळण लावलं. मामी चहा घेऊन आल्या, बोलणं लांबलं, की पुन्हा सुरुवात करण्याआधी मी एकदा शिफ्ट दाबते. शिफ्ट एकटं दाबलं तर पानावर काही उमटत नाही, आणि कीबोर्ड जागा होतो.

मग राहिलं जुन्या पानांचं काम. जुलैअखेरपासूनची तेवीस पानं रेकॉर्डिंग लावून ओळीओळीनं तपासली. एकतीस ठिकाणी अक्षर गेलं होतं. अठरा ठिकाणी ठिपक्यांचं वर्तुळ होतं, बाकीची तेरा चोरपावलांनी आलेली. एकात ‘नवा रस्ता’चं ‘वा रस्ता’ झालं होतं, ते निदान विचित्र तरी दिसत होतं.

शुक्रवारी सुधारलेली पानं घेऊन गेले. पाऊस होता, वाड्याच्या पन्हळीतून पाणी धो धो पडत होतं, आणि मामांना 1969 च्या महापुराबद्दल पुन्हा बोलायचं होतं. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी कसं मोजायचे, हे सांगताना ते थांबले. बराच वेळ थांबले. मी कीबोर्डवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिले. मग ते बोलले आणि मी टाइप करत गेले, ट्रंकेकडे न बघता.

जाताना त्यांनी आधीची पानं मागितली. भिंग काढलं, सायकलचं वाक्य शोधलं. आता तिथं ‘सकाळी सायकल काढून मी निघायचो’ असं बरोबर होतं. त्यांनी पुन्हा तांबडी पेन्सिल उचलली.

“काय झालं मामा? आता काय चुकलं?”

“चुकलं काही नाही. पण आता रंगाचं निघालंच आहे, तर तेही घाल.”

कीबोर्डची घडी घातलेली होती, ती पुन्हा उघडली. शिफ्ट दाबलं. ‘सकाळी हिरवी सायकल काढून मी निघायचो, ते द्वारकेवरून थेट नाशिकरोड.’